पोराच्या घामाचा हिशेब द्या!

बाजाराच्या दिवशी दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर आमच्या वाचकांनी पाहिलेली आहे. खाली ढोलकी वाजते, वर सहा-सात वर्षांचे लेकरू काठी तोलून चालते, आणि मंडळी नाणे टाकून पुढे जातात. हा प्रकार बंद व्हावा याविषयी आमचे दुमत नाही. (डोंबाऱ्याच्या पोटाची सोय कोणी केली, हा प्रश्न निराळा.) रस्त्यावर पैशासाठी पोराचा खेळ करणे कायद्यास मंजूर नाही, सर्कशीतही पोरांस मनाई आहे. परंतु २०१६ साली दुरुस्त झालेल्या त्याच बालकामगार कायद्याने सिनेमा, दूरचित्रवाणी व जाहिरात यांत चौदा वर्षांखालील पोरास काम करण्याची मुभा ठेवली आहे. दोरीवरचे पोर मजूर, आणि दिव्याखालचे पोर कलावंत! थकतात दोघेही, झोप दोघांसही येते, कमाईवर मोठ्यांचे डोळे दोघांच्याही असतात. मग हा भेद कलेचा की दौलतीचा?

ही मुभा मोकळी नाही, हे मात्र आमच्या लोकांस कोणी सांगत नाही. २०१७ च्या नियमांप्रमाणे निर्मात्याने आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी. दिवसात ५ तासांहून अधिक काम घेऊ नये, ३ तासांनंतर विसावा द्यावा, सलग २७ दिवसांपलीकडे राबवू नये. पाच पोरांमागे एक जबाबदार माणूस असावा. शाळा बुडू नये. पोराच्या मर्जीविरुद्ध काही करवून घेऊ नये. आणि मुख्य गोष्ट ही की, मिळकतीपैकी निदान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत पोराच्या नावे मुदतीने ठेवावी व ते सज्ञान झाल्यावर त्याच्या हाती द्यावी. शंभरातले वीस पोराचे. उरलेल्या ऐंशींचा जाब कोणास विचारावा? सालगड्याचा हिशेबसुद्धा पाडव्याला चुकता होतो!

आईबाप पोराचे वाईट कसे करतील, असे कोणी म्हणेल. अमेरिकेत जॅकी कूगन नावाचा पोर १९२१ सालच्या चॅप्लिनच्या ‘द किड’ या चित्रपटाने जगप्रसिद्ध झाला. त्याने लक्षावधी डॉलर मिळविले. मोठा झाल्यावर पाहतो तो पैसा बहुतेक उडालेला! १९३८ साली त्यास सख्ख्या आईवर व सावत्र बापावर फिर्याद करावी लागली. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात कायदा झाला, पण त्याचा पैसा गेला तो गेलाच.

दुसरा आक्षेप असा की, गरिबाचे पोर कलेनेच वर येते. कोल्हापूरचे केशवराव भोसले दारिद्र्यापायी लहानपणीच नाटक मंडळीत गेले आणि ‘शारदा’ नाटकात शारदेची भूमिका करून गाजले. पैशासाठी पोटची पोर म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधणाऱ्या बापाची त्या नाटकात निंदा आहे. आणि ती भूमिका करणारे पोर स्वतः भाकरीसाठी कंपनीत राबत होते! केशवरावांचा आम्हांस अभिमानच आहे. परंतु आवाज फुटल्यावर ज्यांस घरची वाट धरावी लागली, त्या पोरांची नावे कोणी लिहून ठेवली?

आता तर कंपनी घरातच आली आहे. हातात मोबाईल, समोर पोर, आणि आईबापच निर्माते. त्यांस परवाना कोण मागतो? पोर रडते आहे, न्हाते आहे, मोठ्या बाईसारखे नटवून नाचविले आहे, सारे जगापुढे! बघणाऱ्यांत कोण कोण असते हे चावडीवर बसून कळत नाही. पोरांची अश्लील चित्रे जाणूनबुजून जवळ बाळगणाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयास २०२४ साली कडक निकाल द्यावा लागला, तो उगाच नव्हे. फ्रान्सने २०२० साली घरच्या चित्रफितींतून होणारी पोरांची कमाई राखून ठेवण्याचा कायदा केला आणि स्वतःची चित्रे काढून टाकावयास लावण्याचा हक्क पोरास दिला. आपल्या नियमांची भाषा अजून निर्मात्याच्या दारापर्यंतच पोहोचते. ती घराच्या उंबऱ्याआत यावी आणि विसाचे निदान पन्नास टक्के व्हावेत, ही आमची मागणी आहे.

तोवर ज्यांचे पोर पडद्यावर जाणार असेल त्यांनी परवानगीचा कागद डोळ्यांनी पाहावा, वाचता येत नसेल तर मास्तरांकडून वाचून घ्यावा, आणि पोराच्या नावाची ठेवपावती मागितल्याशिवाय अंगठा उठवू नये. तक्रारीसाठी १०९८ हा फुकट चालणारा क्रमांक आहे. तो पोरांसही पाठ करून द्यावा.