पापलेट आणि बॉलपेन

परवा वीकेंडला मार्कंड्याला गेलो होतो. गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शीजवळ, वैनगंगेच्या काठावरची ही जुनी देवळं. नदी इथे चक्क उत्तरेकडे वळते. फोटोबिटो काढून झाले आणि खाली बघतो तर एक ढिवर काका जाळं झटकत होते. चार बोटांएवढी मासोळी त्यांनी हातात घेतली आणि दिली परत पाण्यात सोडून.

‘काका, सोडली का?’

‘लहान हाय जी. आज धरली तं पुढच्या साली काय धरू?’

बॉस, मी गप्प! कारण आदल्याच शुक्रवारी ऑफिसच्या पार्टीत आम्ही तळलेली पिल्लू पापलेटं हाणली होती. एका प्लेटमध्ये सहा. ‘किती क्यूट!’ असंही कुणीतरी म्हणालं होतं.

या क्यूट पापलेटाने आयुष्यात एकदाही अंडी घातलेली नसतात. मग पुढची पापलेटं येणार कुठून? सातपाटीचे मच्छीमार हेच वर्षानुवर्षं सांगताहेत. गंमत म्हणजे २०२३ मध्ये पापलेट ‘राज्य मासा’ झाला, तेव्हाचे मत्स्यमंत्री सुधीर मुनगंटीवार चंद्रपूरचे, म्हणजे समुद्रच नसलेल्या जिल्ह्याचे! त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटासाठी ती आहे १३५ मिलिमीटर. त्याहून लहान पकडायचं नाही.

पण समुद्रात पट्टी घेऊन कोण बसणार? तिथे जाळंच शहाणं लागतं. ट्रॉलरच्या नेहमीच्या जाळ्याची भोकं शंकरपाळ्याच्या आकाराची. ओढताना ताण आला की ती मिटतात आणि पिल्लंही आतच राहतात. चौकोनी भोकं मात्र उघडी राहतात, बारकी मासळी सटकते. सिंधुदुर्गात यूएनडीपीच्या प्रकल्पात अशी जाळी ट्रॉलरवाल्यांना दिली गेली.

ठीक आहे, जाळं त्यांच्या हातात. आपल्या हातात काय? ऑर्डर! पिल्लं विकली जातात म्हणूनच बाजारात येतात ना? आणि स्वस्त पडतात म्हणून आपण घेतो, हेही खरंच.

तेव्हा आपला फंडा सिंपल. १३५ मिलिमीटर म्हणजे साधारण खिशातल्या बॉलपेनाएवढं. मासळीबाजारात पापलेट पेनापेक्षा आखूड दिसलं तर मावशींना म्हणायचं, ‘हे नको, मोठं दाखवा.’ महाग पडेल, मान्य. मग महिन्यातून दोनदाच खाऊ.

मार्कंड्याच्या काकांना पट्टी लागली नाही, पेनही लागला नाही. आपल्याला निदान पेन तरी लागू दे!