कॅन्सरच्या ऑपरेशननंतरची तारीख चुकवू नका

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ज्यांच्या घरी तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आहे, त्यांना ही कळकळीची विनंती आहे. टाके निघाले, घास गिळता येऊ लागला, की फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटावर जाते आणि फेरतपासणीची तारीख ऊसतोडीच्या नाहीतर लग्नसराईच्या गडबडीत राहून जाते. पण हा आजार उलटतो तो बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांतच, आणि मानेतली गाठ सुरुवातीला दुखत नाही. त्यामुळे ‘आता काही त्रास नाही’ हे न जाण्याचं कारण होऊ शकत नाही.

या तारखा पाळण्याचा फायदा तुमच्यानंतर येणाऱ्या रुग्णांनाही होतो. तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला, तर मानेतल्या गाठी त्याच ऑपरेशनमध्ये काढाव्यात की रोग तिथे पोचल्यावर, यावर सर्जन मंडळींचं अनेक वर्षं एकमत नव्हतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी ५०० रुग्णांची तुलना करून २०१५ साली उत्तर दिलं: ज्यांच्या गाठी आधीच काढल्या, त्यांच्यातले ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते; ज्यांच्या बाबतीत थांबून पाहिलं, त्यांच्यातले ६७.५ टक्के. एवढा मोठा फरक ऑपरेशनच्या टेबलावर कुणालाही दिसला नसता. रुग्णांची खबर वर्षानुवर्षं ठेवली, म्हणून तो कळला. जो रुग्ण येतच नाही, तो बरा आहे की गेला, हे रुग्णालयाला समजत नाही. मग कोणतं ऑपरेशन किती सुरक्षित, याचा हिशेबच चुकतो.

‘आमच्यावर प्रयोग करतील’ ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. पण नेहमीची फेरतपासणी म्हणजे प्रयोग नव्हे. खरोखर संशोधनात घ्यायचं असेल, तर तुम्हाला समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घ्यावीच लागते, आणि ती केव्हाही मागे घेता येते. तेवढ्यावरून उपचार नाकारता येत नाहीत. बुडणारी मजुरी आणि एसटीचं भाडं ही अडचण मात्र खरी आहे. म्हणून सर्जनला सरळ विचारा, की कोणती तपासणी बारामतीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात चालेल, आणि ते कागदावर लिहून घ्या. डिस्चार्ज कार्ड आणि गाठीचा रिपोर्ट जपून ठेवा. जाणं जमलं नाही तर फोन करा. रुग्ण दगावला असेल, तर दुःखाचा भर ओसरल्यावर घरच्यांनी तेही रुग्णालयाला कळवावं.