बीडला समुद्र नाही म्हणून

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. उत्तर हद्दीवरून गोदावरी जाते तेवढीच. टंचाईचे दप्तर तहसील कचेरीतून फार काळ हलत नाही आणि दिवाळी सरली की गावेच्या गावे कोयता घेऊन ऊसतोडीला परमुलखात निघतात. अशा जिल्ह्यातील महाविद्यालयांनी समुद्रातील अपृष्ठवंशी प्राण्यांचे जनुकसंच अभ्यासावेत ही चैन आहे, असा एक पक्ष आपल्याकडे वारंवार मांडला जातो. तो मांडणाऱ्यांनी दुष्काळ अंगावर घेतलेला असतो, त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. म्हणूनच त्यांच्या पक्षाची छाननी करणे मला अगत्याचे वाटते.

हा आक्षेप दुष्काळाच्या तोंडून बोलत असला, तरी त्याचे मूळ दुसरीकडे आहे. दरबारातल्या मानकऱ्यांप्रमाणे सर्व प्राणी खालपासून वरपर्यंत ओळीने बसविलेले आहेत, सर्वांत वर मनुष्य आहे, आणि खालच्याकडून वरच्याला शिकण्यासारखे काही नाही, हा तो मूळ समज होय. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कित्येक विद्वानांच्या अनुमानांवरही या समजाची छाया होती. एका सूत्रकृमीचा जनुकसंच 1998 साली व फळमाशीचा 2000 साली हाती आला, आणि जे जनुक या दोघांत नाही पण मनुष्यात आहे ते पृष्ठवंशी प्राण्यांनी मागाहून कमावले असावे, असे अनुमान सहज निघू लागले. 2007 साली खाडीकाठच्या खाऱ्या चिखलात राहणाऱ्या नेमॅटोस्टेला या लहानशा समुद्रपुष्पाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, आणि ते अनुमान ढासळले. ज्याला मेंदू नाही, रक्त नाही, ज्याच्या पोटाला तोंडाखेरीज दुसरे द्वार नाही, त्या प्राण्याजवळ सुमारे 18 हजार जनुके निघाली. त्यांची मांडणी माशीपेक्षा मनुष्याशी अधिक जुळणारी निघाली. आणि शरीराचा अक्ष आखणाऱ्या विंट या जनुककुलातील ज्या शाखा माशीत आढळत नाहीत, त्यांपैकी कित्येक त्याच्यापाशी शाबूत होत्या. म्हणजे माशी ही आपल्या वाटेवरची पायरी नव्हती. तिच्या वंशाने वडिलोपार्जित इस्टेटीचा बराच भाग गमावला होता. एक वर्ष आधी, 2006 साली, समुद्री अर्चिनाचा दाखला मिळालेला होताच. काट्यांच्या त्या गोळ्यात सुमारे 23 हजार जनुके, म्हणजे जवळजवळ मनुष्याइतकीच. आणि डोळा नावाचा अवयव नसताना प्रकाश ओळखणाऱ्या प्रथिनांची जनुके त्याच्या नळीसारख्या पायांत कार्यरत! साधे शरीर म्हणजे दरिद्री जनुकसंच, हा हिशेब येथेच खोटा ठरतो.

याच्या उलट टोकाला दुसरा पक्ष उभा आहे, आणि मला तो पहिल्यापेक्षाही घातक वाटतो. जनुके इतकी जुनी असतील तर सर्व काही आरंभीच योजलेले होते, उत्क्रांतीने नवे असे काय केले, असे हे लोक हर्षभराने विचारतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हायड्रा या चिमुकल्या जीवावर केलेले काम त्यांनी पाहावे. आपल्या शरीरात नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास जे वाढघटक कारणीभूत होतात, त्यांच्या जातीची जनुके या संशोधकांना हायड्रात सापडली, आणि हायड्राला तर रक्तवाहिनीच नाही! तेव्हा जनुक अगोदर होते, त्याचे आजचे काम अगोदर नव्हते. पडक्या गढीचे दगड गावातल्या नव्या वाड्याच्या जोत्याला लागलेले आपण पाहतो, म्हणून गढी बांधणाऱ्याने वाड्याचा नकाशा काढून ठेवला होता असे कोणी म्हणत नाही. कोणते जनुक, केव्हा, कोठे व किती काळ जागे व्हावे, या बंदोबस्तात फेरफार होत गेले, आणि नवी शरीरे बहुतांशी त्यातूनच उभी राहिली.

हायड्रा हा समुद्रपुष्पाचा गोड्या पाण्यातील भाऊबंद. संथ, स्वच्छ पाण्यातील वनस्पतींना चिकटून राहणारा, जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा हा जीव सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन त्याच्यापुढे आर्टेमिया या कोळंबीसारख्या लहान जलचराचे पिल्लू सोडले, तर शुंडकाचा स्पर्श होताच ते पिल्लू लुळे पडते, शुंडके सावकाश आत वळतात, आणि शिकारीहून लहान भासणारे तोंड तिच्याभोवती पसरत जाते. त्याचे डोके छाटले तरी दोन-तीन दिवसांत नवे उगवते. 1909 साली एथेल ब्राऊन या विदुषीने एका हायड्राच्या मुखाजवळचा तुकडा दुसऱ्याच्या कुशीत बसविला, तेव्हा तेथे यजमानाच्याच पेशींतून दुसरा अक्ष फुटला. स्पेमान आणि मांगोल्ड यांचा सॅलमँडरवरचा याच धर्तीचा विख्यात प्रयोग 1924 मधला, पण श्रेयाची वाटणी करताना ब्राऊनबाईंचा हक्क बहुतेक डावलला गेला, ही गोष्ट मला फार लागते. नवा अक्ष घडविणाऱ्या त्या तुकड्यातील पेशींच्या, म्हणजे संयोजकाच्या, हुकमतीखाली कोणती जनुके राबतात, याचा विंट संकेतसाखळीच्या अंगाने घेतलेला शोध पुण्याच्या आयसरमधील संजीव गलांडे यांच्या गटाने 2019 साली प्रसिद्ध केला. हीच साखळी बिघडली की मोठ्या आतड्याचा कर्करोग उद्भवू शकतो, हे याच बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकातून शिकावेच लागते. मग ती साखळी मूळची कोणत्या कामाची, हे त्याने का विचारू नये?

या अभ्यासाने माजलगावच्या धरणात पाणी वाढणार नाही, हे मला मान्य आहे. परंतु टंचाई आहे म्हणून जिज्ञासेलाही टँकरच्या फेऱ्यांत मोजावे, हा फैसला मला मान्य नाही. आणि खर्चाचा बाऊ तर अगदीच अनाठायी आहे. वर सांगितलेल्या प्राण्यांचे जनुकसंच जगापुढे विनामूल्य खुले आहेत. हायड्रा पाळण्यास काचेची वाटी, स्वच्छ पाणी आणि रोजची निगा लागते, आणि बिंदुसरेच्या तलावाकाठी पाणवनस्पती धुऊन तो शोधण्यास शासनाच्या कोणत्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.