लॅप टाइम कुठे हरवतो? मोबाईल सांगतो, पण अर्धवट

हौशी रेसर कुठे वेळ गमावतो, हे आता रेसक्रोनोसारखी ॲप दाखवतात. दोन फेऱ्यांचे वेगाचे आलेख एकावर एक ठेवले, की वळणाआधी ब्रेक किती लवकर दाबला, ॲक्सिलरेटर किती उशिरा दिला, हे लगेच दिसते.

अडचण आहे मोबाईलच्या जीपीएसची. तो साधारणपणे सेकंदाला एकदाच जागा नोंदवतो. ताशी १०० किमी वेगात गाडी तेवढ्यात सुमारे २८ मीटर पुढे जाते. छोटे वळण तर त्यातच संपते! १० हर्ट्झचा वेगळा रिसीव्हर जोडला, की हे अंतर २.८ मीटरवर येते.

मात्र हे सगळे कोल्हापूरच्या कार्टिंग ट्रॅकसारख्या बंदिस्त जागेसाठी. देवणी-उदगीर रस्ता ट्रॅक नव्हे. परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद, ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ॲपमध्ये जपलेला आलेख तेव्हा चालकाच्याच विरोधात पुरावा ठरू शकतो.