पोरगं गप्प झालंय? नाटक समजू नका, मनाचं दुखणं असू शकतं

दिवाळी झाली की धारूर, वडवणी, शिरूर कासार भागातल्या वाड्या-तांड्यांवर घरांना कुलपं लागतात. मुकादमाची उचल फेडायला आई-बाप कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात. काही पोरं त्यांच्यासोबत फडात जातात, काही आजी-आजोबांजवळ राहतात. शाळा बुडाली की सगळ्यांना दिसतं. मनावर काय होतं, ते मात्र दिसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात १० ते १९ वयातल्या दर सात मुलांमागे एकाला मानसिक त्रास असतो.

याच वयात का? मेंदूतला भावना उसळवणारा भाग लवकर जागा होतो. त्याला आवर घालणारा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. अशा वयात घरचं कर्ज, बापाची दारू, आई-बापाची ताटातूट असा ताण महिनोन्‌महिने राहिला, तर शरीर सतत धोक्याच्या तयारीत राहतं. झोप उडते, अभ्यासात लक्ष लागत नाही, चिडचिड वाढते. पुढे उदासी, नाहीतर व्यसन.

मुलींवर दुहेरी ओझं. धाकटी भावंडं सांभाळायची, वर 'हिला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची' म्हणून लग्न उरकलं जातं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के महिलांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं.

पण हाल सोसलेलं प्रत्येक पोर खचतंच असं नाही. आपलं ऐकून घेणारं एक भरवशाचं मोठं माणूस जवळ असलं, तर बराच फरक पडतो. हंगामी वसतिगृहातून जेवणाची सोय होते, ती हवीच. सोबत विचारपूसही हवी. ती गुरुजी, आशाताई, चुलता, शेजारची काकू, कुणीही करू शकतं. फडावरच्या आई-बापाचा रोजचा एक फोनही मोठा आधार असतो.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस पोरगं एकटं बसतंय, जेवण कमी झालंय, मित्र तोडलेत, तर रागावू नका, विचारा. 'जगून काय करू' असं बोललं तर एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरकडे न्या. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवस-रात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. बालविवाह किंवा मुलाला मारहाण होत असेल तर १०९८ लावा.

ताप आला की आपण दवाखान्यात नेतो. मनाच्या दुखण्यालाही तेवढाच वेळ द्या.