विहीर आटली, ऊन चालूच, मग पॅनल रिकामं का?



मार्च सरत आला की आमच्याकडच्या विहिरी तळ दाखवतात. सौर पंप तासभर चालतो, उपसा संपतो, पंप बंद. पॅनल मात्र सकाळपासून सांजेपर्यंत तापत उभं. वर्षातलं सगळ्यात कडक ऊन आणि वर्षातलं सगळ्यात रिकामं पॅनल! पावसाळ्यात चांगला पाऊस झाला तरी तेच. पिकाला पाणी नको, म्हणजे पंपाला सुट्टी.

आता हिशोब बघा. ३ एचपीच्या पंपाला साधारण ३ हजार वॅटची पॅनल असतात. स्वच्छ उन्हात १ किलोवॅटला दिवसाला ४ युनिट धरा, म्हणजे झाली १२ युनिट. इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी साधारण २ ते ३ युनिटची, बॅटरीच्या सायकलची तर अर्ध्या युनिटच्या आसपास. घट-तूट धरली तरी दिवसाला तीन स्कूटर आरामात फुल्ल होतील. ही वीज आपण रोज उन्हात वाळत घालतो, आणि वस्तीवर लाईट नाही म्हणून गाडी चार्ज करायला गावात कुणाच्या तरी ओट्यावर लावतो. नाहीतर शंभराच्या वरचं पेट्रोल आहेच.

अडलंय कुठं? कंट्रोलरमध्ये. साधा कंट्रोलर ऊन वाढेल तशी मोटर पळवतो, ऊन कमी झालं की मोटर हळू करतो. पंपाला हे चालतं, पण गाडीच्या चार्जरला घरच्यासारखी स्थिर २३० व्होल्ट वीज लागते. यावर उपाय नाही असं नाही. युनिव्हर्सल सोलर पंप कंट्रोलर नावाची वस्तू आहे. पंप बंद असताना त्याच पॅनलवर कडबा कुट्टी, पिठाची गिरणी, बॅटरी चार्जिंग चालावं म्हणूनच ती काढली. पीएम-कुसुम योजनेत तिला मान्यताही आहे. पण ती पर्यायी! आणि पर्यायी म्हणजे काय हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. फॉर्म भरताना कुणी विचारत नाही, पंप बसवताना कुणी सांगत नाही.

काही जण म्हणतात, पंपाचं पॅनल पाण्यासाठी दिलंय. अहो, पाणीच नसेल तेव्हा काय करायचं त्याचं? पाणी पहिलं, हे आम्हालाही कळतं. आम्ही उरलेलं ऊन मागतोय.

काही म्हणतात, दिवसा गाडी बाहेर असते, चार्ज कधी करणार? ती नोकरदाराची गाडी. शेतकरी दिवसभर रानात असतो आणि त्याची गाडी लिंबाखाली उभी असते. आपल्याएवढं सोयीचं वेळापत्रक दुसऱ्या कुणाचं नाही.

तिसरे म्हणतात, वायर काढून जुगाड करून टाका. हे मात्र अजिबात करू नका! पंपाच्या पॅनलची ओळ शेकडो व्होल्ट डीसी असते. डीसीची ठिणगी एसीसारखी लगेच विझत नाही, साधं बटण जळून जातं आणि माणूसही जातो. बॅटरीचंही तसंच. ४८ व्होल्टच्या १३ सेलवाल्या लिथियम बॅटरीला ५४.६ व्होल्टच्या वर जाऊ द्यायचं नसतं, बिगर-चार्जर जोडलं तर आग लागू शकते. आणि मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये चार्जिंग लावू नका. सकाळी लावा, सावलीत, वारा खेळेल अशा जागी. जुगाड धोक्याचा आहे, म्हणूनच ही सोय सरकारी पंपासोबत, तपासून, गॅरंटीसह यायला पाहिजे.

मागणी सरळ आहे.

१) नवीन प्रत्येक सौर पंपाला युनिव्हर्सल कंट्रोलर आणि एक १५ अँपिअरचा सॉकेट. पर्याय नको, नियम पाहिजे.
२) जुन्या पंपाला हा कंट्रोलर अधिकृतपणे बदलून मिळावा आणि त्यासाठी ५ वर्षांची हमी रद्द होऊ नये.
३) कृषी विभागातल्या आणि कृषी विज्ञान केंद्रातल्या मित्रांनो, ठिबकचं प्रशिक्षण देता तसं एक सत्र यावर घ्या. पंप नसलेल्या दिवसांची वीज हेही शेतीचं उत्पन्नच आहे.

सरकार एकीकडे म्हणतं इलेक्ट्रिक गाडी घ्या, दुसरीकडे म्हणतं सौर पंप घ्या. आम्ही दोन्ही घ्यायला तयार आहोत. मधली एक वायर तेवढी जोडून द्या.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडा, ठराव लिहून घ्या. तुमच्या पंपाला कुठला कंट्रोलर आहे आणि वर्षातले किती दिवस तो बंद असतो, तेही खाली लिहा. आकडे गोळा झाले की मागणीला वजन येतं.