पिशवीवरचा लॉट नंबर आणि संगणकातली चिप

गेवराई तालुक्यातल्या एका सेवा केंद्रात या आठवड्यात जाणं झालं. सातबाऱ्यासाठी रांग, टेबलावर अंगठ्याचं यंत्र आणि येईल त्याचा पेन ड्राइव्ह त्याच एका संगणकात. प्रोसेसर कोणता, असं विचारलं तर उत्तर मिळालं, "सर, अँटिव्हायरस टाकलाय की." राग त्या पोराचा नाही, त्याला याहून जास्त कुणी सांगितलेलंच नाही.

पण प्रोसेसरच्या चिपमध्येच खोट असेल, तर ती अँटिव्हायरसने जात नाही. वेगासाठी प्रोसेसर पुढचं काम अंदाजाने आधीच करून ठेवतो. अंदाज चुकला की ते टाकून देतो, पण त्याचे माग कॅश नावाच्या त्याच्या जलद साठ्यात राहतात. त्याच संगणकात शिरलेला दुसरा प्रोग्रॅम त्या मागांवरून पासवर्ड काढू शकतो. म्हणून धोका जास्त तो दहा जणांनी वापरायच्या यंत्राला. जानेवारी 2018 मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर नावाच्या अशा खोटी जाहीर झाल्या. ऑगस्ट 2023 मध्ये डाउनफॉल, इंटेलच्या सहाव्या ते अकराव्या पिढीत.

याची बियाण्याशी तुलना करून बघा. 2017 साली गुलाबी बोंडअळीने आपला कापूस खाल्ला, तेव्हा शेतकऱ्याच्या हातात निदान बियाण्याची पिशवी, लॉट नंबर आणि पावती होती. पाठीशी राज्याचा 2009 चा कापूस बियाणे कायदा होता. लोकांनी तक्रारीचे 'जी' फॉर्म भरले, पंचनामे झाले. भरपाईसाठी वणवण झाली ती झालीच, पण दाद मागायला दार होतं. चिपची खोटही कंपनीकडूनच आलेली. तिच्यावर उपाय म्हणजे अपडेट, आणि त्याने वेग घटतो. डाउनफॉलच्या दुरुस्तीने काही कामांत 50 टक्क्यांपर्यंत. पैसे मोजून घेतलेला वेग गेला, तर ग्राहकाने कुठला फॉर्म भरायचा? पावतीवर तर नुसतं 'आय-फाइव्ह' लिहिलेलं असतं. सरकारी खरेदीतही रॅम आणि किमतीपलीकडे कुणी बघत नसावं, असं मला वाटतं.

आपला प्रोसेसर कोणता हे बघायला विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट उघडा. 'आय5-6500' दिसलं तर रेघेपुढचा 6 म्हणजे सहावी पिढी. लिनक्सवर 'एलएससीपीयू' ही आज्ञा दिली की कोणती खोट आहे आणि कोणती बुजवली, याची यादीच येते. विंडोज 10 ला मिळणारी नेहमीची अपडेट्स 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली, तेव्हा जुन्या यंत्रांच्या मालकांनी आधी आपला प्रोसेसर कोणता ते बघावं. दुरुस्तीसाठी बायोसचं, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचं, अपडेट संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. आणि नवा-जुना कुठलाही संगणक घेताना प्रोसेसरचा पूर्ण नंबर पावतीवर लिहून मागा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.